ग्रॅनाडात आज सुट्टी

काल इथला, म्हणजे स्पेनमधल्या ग्रॅनाडाचा, अलहंब्रा हा जुना किल्ला-राजवाडा पालथा घातला आणि पायांचे तुकडे पडले, म्हणून आज कुठेही जायचं नाही असं ठरवलं. उशिरापर्यंत झोप, मग बाल्कनीत कपडे वाळत घालणं वगैरे संसारी कामं. दुपारी दोनच्या आधी इथे कोणी जेवत नाही, रात्रीही साडेआठ-नऊशिवाय नाही. मधल्या वेळात बरीच दुकानं शटर ओढून गप्प. पुणेकरांना यात नवीन काही नाही म्हणा!

संध्याकाळी ‘नवास’ नावाच्या रस्त्यावर गेलो. ग्रॅनाडात पेय मागवलं की सोबत खायला एक छोटी बशी फुकट येते, तिला तापा म्हणतात. आमच्याकडे आधी ऑलिव्ह आले, मग बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट. बायको शाकाहारी, त्यामुळे ‘हामोन नको’ हे आधीच बजावलं होतं, नाहीतर इथे भाजीतसुद्धा हॅमचे तुकडे निघतात. तिच्यासाठी तळलेले वांग्याचे काप मागवले, तर वर चक्क काकवी! इथून जवळच्या मोत्रिल गावाच्या किनाऱ्यावर अरबांच्या काळापासून ऊस व्हायचा, त्याचीच ही पुण्याई. काप बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखे, काकवी किंचित कडवट. हिने लगेच दुसरी प्लेट सांगितली. माझ्या वाट्याला दोनच काप आले.