बिगुल बिल्ला, भाग ७: खड्ड्यांचा चोर सापडला

सापडला! बिगुलाचं चिन्ह असलेला जुन्या धर्तीचा फौजी बिल्ला मी पत्र्यावर ठोकून बनवतोय. त्याच्या चांदीवर पडून तीन आठवडे डोकं खाणाऱ्या खड्ड्यांचं मूळ माझ्याच टेबलावर होतं.

ओएचएनएसची (तेलात विझवून कडक होणाऱ्या पोलादाची) डाय, म्हणजे आकार उलटा कोरलेला ठसा, ८०० अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवली, मग ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून २०० वर टेम्पर केली. तडा नाही, देव पावला. शिशाचा फोर्सही (पत्रा डायमध्ये दाबणारा वरचा ठोकळा) झकास निघाला. पोलादी फोर्स कोरायचा तर पत्र्याच्या जाडीइतकी फट सगळीकडे राखावी लागते. शिसं आपली जागा आपणच करून घेतं. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत वरून सोडायचे ड्रॉप स्टॅम्प असत, माझ्याकडे साधा फ्लाय प्रेस, हाताने फिरवायचा स्क्रूवाला. तरी तांब्यावर तीन ठोक्यांत बिगुलाच्या दोरीचा पीळसुद्धा उठला! तो तुकडा अजून खिशात घेऊन फिरतोय.

मग चांदीची हौस आली. अधिकाऱ्यांचे कित्येक जुने बिल्ले चांदीचे असत ना. ०.६ मिमीचा पत्रा दोन ठोक्यांत कडक झाला, म्हणून तापवून नरम केला. तर काय, उठावावर सुईने टोचल्यासारखी भोकं! पत्रेवाल्याला फोनवर बरंच सुनावलं. गॅस टॉर्चचं नोझल बदललं, फ्लक्स (तापवताना लावायचा लेप) बदललं, भोकं तशीच. शेवटी त्याच पत्र्याची कोरी पट्टी त्याच ज्वालेत धरली. एकही भोक नाही.

तेव्हा कुठे तुकडा उलटा केला. बिल्ला हातात आला की आपण आधी पाठ बघतो. ठोकलेल्याच्या पाठीवर उठाव उलटा उमटतो, ओतीव नकलेची पाठ खरबरीत. आणि स्वतःचा माल मी पुढूनच बघत बसलो होतो! पाठीच्या खळग्यांत करडे डाग: फोर्सचं शिसं. तापवताना ते चांदीत मुरतं, दोघांचं मिश्रण ३०४ अंशांनाच वितळतं आणि पत्रा पोखरला जातो. तांब्याला पुन्हा तापवायची वेळच आली नव्हती, म्हणून तिथे कळलं नाही. पत्रेवाल्याची माफी मागायची आहे.

आता फोर्सवर मास्किंग टेप, शिवाय तापवण्याआधी पाठ घासून लख्ख. परवाचा तुकडा स्वच्छ निघाला, पण टेपमुळे दोरीचा पीळ बोथट झाला. पुढचे पाच असेच ठोकणार होतो, पण हे लिहितानाच वाटतंय, तांब्याचाच फोर्स का नको? कानशीने ढोबळ आकार द्यायचा, नरम करायचा आणि डायमध्ये दाबत न्यायचा. प्रेसला झेपेल का, ते रविवारी बघतो. बिल्ल्याच्या मागे स्लायडर (टोपीत खोचायची पट्टी) लावायचा की कड्या, तो वाद तोवर बाजूला.

४० मिमीचा तांब्याचा गोल बार कुणाकडे पडून आहे का? इथले भंगारवाले तोळ्याच्या भावाने बोलतात.