तिसरा थेंब

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा शाळेचा निरोप आला आणि सगळ्यात आधी मला आठवली ती शाईत पडलेली माशी.

नववीत असताना एका ऑफ तासाला आमच्या बाईंनी कॅथरीन मॅन्सफिल्डची ‘द फ्लाय’ ही १९२२ सालची कथा सांगितली होती. हातात इंग्रजी पुस्तक, तोंडाने मराठी. गोष्ट एवढीशी. एका कचेरीचा मालक. एकुलता एक मुलगा महायुद्धात जाऊन सहा वर्षं झालेली. ओळखीचा एक म्हातारा येतो, बोलता बोलता मुलाच्या थडग्याचा विषय काढतो आणि निघून जातो. मालक शिपायाला बजावतो, अर्धा तास कोणाला आत सोडू नकोस. त्याला रडायचं असतं. तोंड हातांनी झाकून घेतो, पण रडू येतच नाही.

तेवढ्यात दौतीत पडलेली माशी दिसते. तो टाकाने तिला बाहेर काढून टिपकागदावर ठेवतो. ती पाय झाडते, पंख पुसते, आता उडणार, तोच हा तिच्यावर शाईचा थेंब सोडतो. ती पुन्हा पहिल्यापासून पंख पुसायला लागते. त्याला तिचं कौतुक वाटतं. दुसरा थेंब. मग पंख लवकर वाळावेत म्हणून फुंकरसुद्धा घालतो. तिसरा थेंब. माशी हलत नाही.

“माशी कशाचं प्रतीक?” बाईंनी विचारलं. मी लगेच हात वर केला, “मृत्यूचं!”

“असेल. ते राहू दे बाजूला. त्याचे हात काय करतायत ते सांग.”

मी अडखळत म्हणालो, “वाचवतायत... आणि बुडवतायत.”

“कोणाला?”

वर्गात कोणी बोललं नाही. सहा वर्षं दुःख पुसत बसलेला तोच ती माशी, की तिच्यावर घाव घालणारं नशीब तो? बाईंनी उत्तर सांगितलं नाही, आणि याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. प्रतीक म्हणजे एका वस्तूसमोर एक अर्थ लिहून जोड्या लावणं नव्हे, हे मला त्या शांततेत कळलं. पात्राला जे बोलता येत नाही ते त्याचे हात कुठेतरी करून टाकतात. वाचणाऱ्याने तिथे थांबायचं.

कथेच्या शेवटी तो नवा टिपकागद मागवतो, आणि मघाशी आपण कशाचा विचार करत होतो हेच त्याला आठवत नाही. माशीच्या मरणापेक्षा मला हे विसरणं जास्त भयंकर वाटतं. लेखिकेचा धाकटा भाऊही १९१५ साली त्याच युद्धाच्या काळात बेल्जियममध्ये गेला होता, हे मी पुष्कळ नंतर वाचलं.

माझा मोठा भाऊ गेला तेव्हा बाबा रडले नाहीत. महिनाभराने एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर ते टेबलापाशी बसून पेन्सिलींना टोक काढत होते. भावाच्या जुन्या कंपासपेटीतल्या सगळ्या पेन्सिली. एकीचं टोक झालं की बोटावर टेकवून बघायचे, मनासारखं नसलं की पुन्हा ब्लेड. काही पेन्सिली बोटभरही उरल्या नव्हत्या. घरात शाळेत जाणारं तेव्हा कोणीच नव्हतं.

“बाबा, झोपा आता,” हे ओठांवर आलं होतं. मी खुर्ची ओढली आणि त्यांच्याशेजारी बसलो. थोड्या वेळाने त्यांनी न बघताच एक पेन्सिल माझ्याकडे सरकवली.