दिवा लागतो, पण केटल तापत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: केटलचा लाल दिवा लागतो, पाणी मात्र थंडच, फेकून द्यायची का? फेकू नका. आधी त्या दिव्याकडेच नीट बघा. बहुतेक केटलींत तो स्विचच्या पुढे, कॉइलला समांतर जोडलेला असतो. दिवा लागला म्हणजे करंट स्विच ओलांडून आत पोचला. दोष कॉइलमध्ये, नाहीतर तिच्या टोकांच्या जोडणीत. दिवाच लागत नसेल तर दोष अलीकडे आहे, म्हणजे बोर्ड, वायर, बेस, स्विच किंवा बुडाखालचा कटआउट (केटल फार तापली की लाइन तोडणारी कळ).

आपल्याकडे डिम लाइनचीही एक भानगड असते. घरांची आणि मोटारपंपांची लाइन एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) असेल, तर पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. २३० व्होल्टला १५०० वॉट घेणारी केटल १७० व्होल्टला जेमतेम ८२० वॉट घेते. दीड लिटर पाणी सहा मिनिटांत उकळायचं, ते अकरा मिनिटं घेतं. अशा वेळी केटल खोलण्यात काही अर्थ नाही.

बोर्ड तपासायला मोबाईलचा चार्जर लावू नका. ढिल्या सॉकेटवरही तो चालतो. केटलला साडेसहा अँपिअर लागतात. इस्त्री लावून बघा. मग प्लग काढून बेसमधली पिन आणि तिच्याभोवतीची कडी बघा. काजळी असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घासा, मुंग्या असतील तर ब्रशनं झाडा.

सगळ्यात जास्त केटली मात्र बुडाच्या थरामुळे अडतात. बोअरचं पाणी जड, त्याचा पांढरा क्षार बसतो. त्यात केटलमध्येच दूध-साखर घालून चहा केला की बुडाला करपटपणा धरतो. थरामुळे उष्णता पाण्यात न जाता बुडाखाली साचते. तिथे कटआउटमध्ये बाईमेटलची, म्हणजे दोन धातू एकत्र जोडलेली, वाटोळी पत्री असते. ती तापली की टक्कन उलटी फुगते, काडीएवढ्या दांडीला ढकलते आणि कॉन्टॅक्ट सुटतो. म्हणून केटल उकळायच्या आधीच बंद पडते. पंधरा मिनिटं गार होऊ द्या, मग थर काढा: गॅसवर गंजात एक लिटर पाणी उकळून केटलमध्ये ओता, त्यात दोन चमचे लिंबूसत्त्व टाका, अर्धा तास ठेवा, दोनदा विसळा. करपलेलं दूध मऊ स्पंजनं निघतं. तारेची घासणी लावू नका, आणि केटल पाण्यात बुडवून तर कधीच धुऊ नका.

एवढ्यानं भागलं नाही तर प्लग काढून, केटल रिकामी करून बुडाचे स्क्रू काढा. काहींना तीन पात्यांचे स्क्रू असतात, त्यांना तसलाच पेचकस लागतो. आत कॉइलची दोन चपटी टोकं दिसतील. त्यांवरचा लग (वायरच्या टोकाची धातूची क्लिप) ढिला होऊन निळा-काळा पडला असेल, तर दोष सापडला. नवा लग घट्ट बसवा. नसेल तर दोन्ही लग काढून मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. १५०० वॉटच्या कॉइलला ३५ ओहमच्या आसपास रीडिंग हवं. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. ती स्टीलच्या बुडाला पक्की जोडलेली असते, घरी बदलता येत नाही. तिथे नवी केटल घेतलेली बरी. रीडिंग बरोबर आलं, तर मीटर सगळ्यात मोठ्या रेंजवर नेऊन कॉइलचं टोक आणि स्टीलची बॉडी यांच्यात बघा. इथे रीडिंग आलं तर ती केटल पुन्हा लावूच नका.

कॉइल चांगली निघाली आणि कटआउटचे कॉन्टॅक्ट जळालेले दिसले, तर त्याच मापाचा अख्खा सेट बदला. पत्रीखालची पांढरी पेस्ट नव्यानं लावा. ती नसेल तर पत्रीला बुडाची उष्णता वेळेवर कळत नाही. कटआउट टाळून वायर थेट जोडून देणारे मिस्त्री भेटतात. त्यांना नाही म्हणा. पाणी आटल्यावर लाइन तोडणारी ती एकच गोष्ट आहे.

जोडताना हिरवी वायर विसरू नका. प्लगची जाड पिन आणि स्टीलची बॉडी यांच्यात एक ओहमपेक्षा कमी यायला हवं. सॉकेटच्या अर्थच्या भोकामागे खरोखर वायर आहे का, तेही मिस्त्रीकडून बघून घ्या. जुन्या घरांत पुष्कळदा नसते. आणि उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा.