वसईतलं नाताळचं जेवण

आज वसईला मैत्रिणीकडे नाताळचं जेवलो, लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. पोर्क इंदियाल (डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा) आणि सोरपोतेल (मांस आणि काळजाच्या बारीक तुकड्यांचं तसंच आंबट-तिखट कालवण) त्यांच्याकडे आधीच करून ठेवतात, व्हिनेगर मुरलं की चव चढते. मसाला घरचाच, बॉटल मसाला, उन्हाळ्यात मिरच्या वाळवून भाजून कुटून बाटल्यांत अगदी ठासून भरलेला, तो वर्षभर पुरतो.

पण मी खरा रमलो तो फुग्यांपाशी, म्हणजे तळलेल्या गोल पावांपाशी. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि यीस्ट घालून आंबवलेलं सैलसर पीठ, मैत्रिणीच्या घरच्या मावशी ओल्या हाताने मूठ भरतात, मूठ दाबली की अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो, तो सरळ गरम तेलात, आणि बघता बघता टम्म फुगतो. एकही वाकडा नाही! आणि इंदियालच्या रश्श्यात बुडवून खाल्ला की विषयच संपला.

धाकटी सून म्हणत होती, मुलं पोर्क खात नाहीत, यंदा बिर्याणी मागवूया. मावशी म्हणाल्या, "मागव की, पण फुगे होणारच." शेवटी टेबलावर दोन्ही होतं आणि मला ते फार आवडलं, सण घरातल्या सगळ्यांचा असतो.

१७३९ ला वसईतून पोर्तुगीज गेले, पण त्यांचं व्हिनेगर आपल्या नारळ-मसाल्यात असं मिसळलंय की हे जेवण इथलंच आहे. तरी मराठी जेवण म्हटलं की याचं नाव कुणी घेत नाही, खरंच वाईट वाटतं.

मे महिन्यात मसाला करताना ये म्हणाल्यात मावशी. मी जाणार म्हणजे जाणारच, कुणाला यायचं असेल तर सांगा, विचारून ठेवतो.