पाच वर्षं एमआर होतो, आता एमबीबीएसला आहे

बीफार्म करून, नोकरी करून परत एमबीबीएसला जाता येतं का आणि जावं का, असं बरेच जण मेसेज करून विचारतात. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, येतं. दुसऱ्याचं मी नाही देऊ शकत, माझं काय झालं तेवढं सांगतो.

मी कराड, पाटण, उंब्रज या पट्ट्यात पाच वर्षं एमआर होतो, म्हणजे औषध कंपनीचा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. बॅग, टाय, दिवसाला दहा-बारा डॉक्टरांच्या भेटी, महिनाअखेरीला टार्गेट. काम मला आवडायचं, हे आधीच सांगतो कारण लोकांना वाटतं मी कंटाळून सोडलं. तसं नाहीये. एकदा पाटणजवळ एका दवाखान्याबाहेर बाकावर बसलो होतो, पेशंट संपायची वाट बघत, तर शेजारच्या आज्जींनी पिशवीतनं एक पाकीट काढलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ही बीपीची गोळी मी डोकं दुखलं की घेते, चालतंय न्हवं?" टायमुळं मी त्यांना डॉक्टर वाटलो. गोळी आमच्याच कंपनीची, टेल्मीसार्टन. रोज दहा वेळा मी तिच्याबद्दल बोलायचो आणि त्या बाईंना सांगायला माझ्याकडं काही नव्हतं, म्हणजे रोज घ्यायची असते एवढं माहीत होतं, पण का, आणि त्यांचं अजून काय काय तपासायला पाहिजे, ते नव्हतं माहीत. म्हणलं, आज्जी, आत डॉक्टरांना विचारा. त्या आत गेल्या आणि दोन मिनिटांत बाहेर आल्या. विचारलं की नाही कोण जाणे. ते माझ्या डोक्यातनं गेलं नाही.

तेव्हा वयाचीही भानगड होती. खुल्या वर्गाला नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी, २५ वर्षांची अट, त्यावर कोर्टात केस चालू, परीक्षेला बसू द्यायचे पण निकालाची टांगती तलवार. मार्च २०२२ मध्ये एनएमसीनं (नॅशनल मेडिकल कमिशन) ती अट काढूनच टाकली. मी २७ चा होतो. बारावीला बायो होतं म्हणून निभावलं. अमेरिकेत आधी डिग्री करून मगच मेडिकलला जातात, इंग्लंड-आयर्लंडमध्ये ग्रॅज्युएट लोकांसाठी चार वर्षांचा वेगळा कोर्स आहे. आपल्याकडं तसं काही नाही. तुमची फार्मसीची चार वर्षं इथं मोजलीच जात नाहीत, बारावीच्या पोरांबरोबर तोच पेपर, ७२० मार्कांचा, आणि मग पहिल्यापासून साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप. हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण नर्सिंग, फिजिओ, फार्मसी केलेली किती तरी माणसं आहेत ज्यांनी पेशंट जवळनं बघितलेत.

पहिल्या वेळी नोकरी करत अभ्यास केला, पहाटे पाच ते आठ. ४३१ आले. बायोलॉजी एनसीईआरटीची पुस्तकं वाचून जमत होतं पण फिजिक्सनं मारलं, एवढ्या वर्षांनी रोटेशनल मोशन परत डोक्यात घालायचं म्हणजे अवघड असतं. मग राजीनामा दिला, पीएफ काढला आणि घरीच बसलो. आईला मी रोज विचारायचो, बरोबर करतोय ना गं? ती एक दिवस म्हणाली, "तू ठरवलंयस ना, मग आता मला विचारू नको, वाच." २०२३ ला ६०४ आले, सरकारी कॉलेज मिळालं.

बॅचमधली पोरं मला दादा म्हणतात आणि मी सेकंड इयरच्या वीस वर्षांच्या पोराला सर म्हणायचो, कॉलेजात पद्धतच तशी आहे, त्याचं काही वाटलं नाही. जड गेलं ते पाठांतर. अॅनाटॉमीत एका हाताच्या नसा पाठ व्हायला मला जेवढा वेळ लागायचा त्यात शेजारचा पोरगा हात आणि पाय दोन्ही संपवायचा.

पण फिजिओलॉजीचं एक लेक्चर विसरणार नाही. बीपी पडलं की किडनी रेनिन सोडते, लिव्हरनं बनवलेल्या अँजिओटेन्सिनोजेनचं त्यानं अँजिओटेन्सिन वन होतं, मुख्यतः फुप्फुसात त्याचं टू होतं आणि ते रक्तवाहिन्या आवळतं. मॅडम फळ्यावर काढत होत्या आणि मला दिसलं की माझी गोळी इथं, या टूच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते जिथं चिकटतं त्या जागेवर, जाऊन बसते आणि त्याला अडवते. बीफार्मला हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या दिवशी ते आज्जींच्या शरीरात चाललेलं दिसलं. डोकं दुखो न दुखो, ही साखळी रोज चालूच असणार, गोळी बंद झाली की परत रक्तवाहिन्या आवळणार. वहीत मी काही लिहिलं नाही, नुसता बघत बसलो.

फर्स्ट इयरपासूनच आम्हाला गावातली काही कुटुंबं दत्तक देतात, वर्षभर त्यांच्याकडं जायचं, बीपी-वजन घ्यायचं, नोंदी ठेवायच्या. माझ्या एका घरी आजोबा आहेत. त्यांनी बिस्किटाच्या डब्यातनं गोळ्या काढून दाखवल्या, पाकिटं कात्रीनं कापलेली, नाव कुठंच नाही, बरोबरच्या पोरांना काही कळेना. फॉइल बघून मला अंदाज आला, हजारो वेळा हातात धरलीय ती. तरी फाइल मागून घेतली, चिठ्ठीशी ताडून बघितली, बीपी मोजलं, सरांना दाखवलं. मग सरांसमोर आजोबांना समजावलं, बरं वाटलं तरी ही का सोडायची नाही. पंधरा-वीस मिनिटं लागली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि म्हातारीची पण हीच हाय, तिला कोण सांगणार?"

त्या शेतात गेल्या होत्या. पुढच्या शनिवारी परत जायचंय.