नलारबोरच्या माळावरचा हाळ

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नलारबोर पठारावर 1962 मध्ये वसवलेलं रॉलिना हे त्या देशातलं सर्वांत मोठं मेंढ्यांचं स्टेशन म्हणून नावाजलं गेलं, सुमारे 10,000 चौरस किलोमीटरचं. तिथे स्टेशन म्हणजे मेंढरं-गुरं पाळायचं अवाढव्य रान. (रॉलिनाला आगगाडीचंही स्टेशन आहे, ते वेगळं.) खाली चुनखडी असल्यामुळे पडेल तो पाऊस मुरतो. नदी नाही, ओढा नाही, झाड तर नाहीच. खारट पानांची सॉल्टबुश आणि ब्लूबुश ही झुडपं मात्र भरपूर. चारा आहे, पण पाण्याच्या टप्प्यात असेल तेवढाच कामाचा.

उन्हाळ्यात मेंढी पाण्यापासून साधारण 3 किलोमीटरच्या आत चरते. म्हणजे एका हाळामागे (जनावरांना पाणी पाजायच्या कुंडीमागे) जेमतेम 28 चौरस किलोमीटर रान. बाकीचं नकाशापुरतं.

बोअरचं पाणीही खारंच. टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, 5,000 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर मेंढीला चालतो. 5,000 ते 10,000 च्या दरम्यान ती आधी नाक मुरडते, मग सरावते. त्यापुढे अंगावर मांस धरत नाही. हे आकडे साध्या चाऱ्यावरचे. सॉल्टबुशवर चरणाऱ्या मेंढीच्या पोटात मीठ आधीच गेलेलं असतं, तेव्हा पाणी जास्त गोडं हवं आणि जास्त हवं: कडक उन्हात दिवसाला 10 ते 12 लिटर. हजार मेंढ्यांना 12,000 लिटर. पंप 4 दिवस बंद पडेल असं धरून टाकी किमान 50,000 लिटरची ठेवावी.

हाळ मोठा बांधायचा मोह होतो, तो टाळावा. मोठ्या हाळात पाणी साचून राहतं, उन्हाने आटतं आणि मीठ मागेच राहतं. बोअरला 6,000 असलेला टीडीएस हाळात 9,000 भरू शकतो. म्हणून मोजमाप नेहमी हाळातल्या पाण्याचं घ्यावं. लहान हाळ, जोरात भरणारा बॉलकॉक आणि तळाला बूच असलं की दर फेरीला रिकामा करून शेवाळ घासता येतं. बॉलकॉकवर जाळीचं झाकण हवंच. तहानलेले रानटी उंट पाइपासकट सगळं उपटतात. काळा पाइप जमिनीवरून नेला तर दुपारी कढत पाणी येतं, म्हणून तो फूट-दीड फूट पुरावा. उंचवट्यावर हवेचा व्हॉल्व्ह बसवला नाही तर हवा अडकून धार बंद होते, आणि माणूस उगाच पंप खोलत बसतो. पवनचक्की असेल तर पाणी कमी झालं की आधी पंपातले चामड्याचे वॉशर बघावेत.

सर्वांत घातक वेळ म्हणजे कोरडा पडलेला हाळ पुन्हा सुरू करतानाची. कळप एकदम तुटून पडतो आणि खालच्या मेंढ्या गुदमरतात. शिवाय अंगात मीठ साठलेल्या मेंढीने ढसाढसा पाणी प्यायलं की मेंदूला सूज येते. ती अडखळते, झटके येऊन पडते. आधी कळप मागे रोखावा, हाळ काठोकाठ भरावा, मग लहान लहान टोळ्या सोडाव्यात, थोडं पाजून बाजूला काढत.