वीस मिलिसेकंदांचा स्वर ओळखताना

भाची छत्रपती संभाजीनगरला ध्वनिशास्त्रात संशोधन करते. तिला ऐकणारी माणसं हवी होती. लातूरच्या मोंढ्यात आडतीवर माझं आयुष्य गेलंय. सौद्याच्या गलक्यातून भाव टिपायची कानाला सवय आहे, म्हणून मीही बसलो.

बंद खोली, कानाला हेडफोन, समोर तीन बटणं: आ, ई, ऊ. वाजेल तो स्वर ओळखून बटण दाबायचं. स्वर वीसच मिलिसेकंदांचा. तेवढ्यात पुरुषाच्या गळ्यातले स्वरतंतू जेमतेम दोन-तीनदा हलतात. कानावर नुसतं टक् येतं, तरी ती ई आहे हे चटकन कळतं! मला याचंच आधी नवल वाटलं.

मग स्वरापाठोपाठ दुसरा आवाज यायला लागला. तो अगदी लगटून आला की काहीतरी वाजलं एवढं नक्की कळायचं, काय वाजलं ते मात्र निसटायचं. मोंढ्यातली सवय इथं कामाची नव्हती. तिथं कालचा भाव ठाऊक असतो, बोलणाऱ्याचे ओठ दिसतात. इथं आधार कशाचाच नाही. मधली शांतता वाढली तसे स्वर पुन्हा ओळखू यायला लागले.

"मामा, स्वर संपला तरी मेंदूचं काम चालूच असतं," भाची म्हणाली. "त्याचा ठसा क्षणभर टिकतो, त्यावरून ओळख पटते. मधेच दुसरा आवाज आला की ते काम अर्धवट राहतं." अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॉमिनिक मसारो यांनी १९७० च्या दशकात हे मोजलं होतं: शांतता साधारण २५० मिलिसेकंदांपर्यंत वाढवली की ओळख सुधारत जाते, पुढे फारसा फरक पडत नाही.

शेवटच्या फेरीत स्वराबरोबरच बारीक, उंच पट्टीची खरखर होती. आ निभावला, ई मात्र ऊसारखी वाटायला लागली. कारण ऐकून मी थक्क झालो. स्वर काढताना तोंड-घशातली हवा ठरावीक पट्ट्यांत जास्त घुमते, तो त्या स्वराचा घुमारा. ई आणि ऊ, दोन्हींचा खालचा घुमारा ३०० हर्ट्झच्या आसपासच असतो. फरक वरच्या घुमाऱ्यात: ईचा २००० हर्ट्झच्या वर, ऊचा १००० च्या खाली. खरखरीनं नेमका ईचा वरचा भाग झाकला होता.

वयानुसार ऐकू येणंही आधी उंच पट्टीतच कमी होतं. आमच्या आईला स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना 'मीठ' आणि 'मूठ' सारखंच वाटतं, ते यामुळेही असेल. घरातले लगेच आवाज चढवतात. मी आता आधी मिक्सर बंद करायला सांगतो. पुढच्या महिन्यात तिची कानाची तपासणी करून घेणार आहे.